सात वर्षांचा खिळा

आमच्या गावाच्या नावातच स्टेशन आहे. जुनं लासूरगाव वेगळं आणि आमचं लासूर स्टेशन वेगळं. सबब वाट पाहणं आमच्या रक्तातच. गाडीची वाट पाहावी, कांद्याला भाव येण्याची पाहावी, आणि दोन्ही आलं नाही तर चहा प्यावा.

एकदा मी मुंबईहून एक चित्र मागवलं आणि माजघराच्या भिंतीत खिळा ठोकून मोकळा झालो. चित्राचा पत्ता नाही. महिन्याभरात त्या खिळ्यावर सौभाग्यवतींनी बाजाराची पिशवी टांगली. "खिळा मात्र झकास बसलाय हं!" असं पाहुणे म्हणू लागले. दोन महिन्यांनी चित्र आलं, तेही काच तडकून. मी भयंकर संतापलो. पुढे बडोद्याच्या चित्रांची हकीकत वाचली, तेव्हा राग ओसरला.

आमच्या रुळांवरून मनमाडला उतरलं, की मालेगाव फार दूर नाही. त्या तालुक्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक गेला आणि बडोद्याचा राजा झाला. तेच सयाजीराव गायकवाड. त्यांचं खरं शिक्षण सुरू झालं ते गादीवर बसल्यावर. पुढे विलायतेच्या वाऱ्या घडल्या, तिथली चित्रं पाहिली, आणि ती आपल्याकडे असावीत असं त्यांनी घेतलं. निवडीचं काम लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्याकडे दिलं. (नावावरून मी त्यांना बाई समजून चाललो होतो. गृहस्थ निघाले!)

बडोद्यात १९०८ साली चित्रशाळेचं बांधकाम सुरू झालं, १९१४ साली पुरं झालं. आता खिळे ठोकायचे, तोच महायुद्ध पेटलं. समुद्रात पाणबुड्या. चित्रं विलायतेत, भिंती बडोद्यात! चित्रशाळा उघडली ती १९२१ साली. सात वर्षं राजाच्या खिळ्यावर कुणी पिशवी टांगली असेल, असं वाटत नाही.

ही कथा मी आमच्या आबांना सांगितली. आबांचा जन्म कांद्याच्या आडतीत गेलेला.

"पैसा कुणाचा?" आबांनी नेमकं बोट ठेवलं.

"रयतेचाच म्हणायचा."

"मग चित्रं राजवाड्यात लावली असतील."

"नाही आबा. राजवाड्यात रविवर्म्याची होती. ही लोकांना पाहायला. प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं केलं १९०६ साली, ते ह्याच राजानं. रयतेचं पोर विलायतेला कधी जाणार? म्हणून विलायतच इकडे आणली."

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असं असंल तर चालतंय. आपल्यासाठी सात वर्षं कोण थांबतं हो, भाऊ?"

घरी येऊन मी पिशवी काढली, खिळा उपसला, आणि माजघरातलं चित्र बाहेर ओसरीवर लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. पहिले प्रेक्षक अर्थात आबा. चष्मा पुसून त्यांनी बारकाईनं पाहिलं.

"चांगलंय," ते म्हणाले. "काच तेवढी बदला."