परिघीय तंत्रिका अतिउत्तेजकता

मेंदू व मेरुरज्जूबाहेरच्या तंत्रिका आदेशाविना संदेश सोडत राहतात, तेव्हा उद्भवणारा विकारांचा गट. स्नायू फडफडतात, पेटके येतात, घाम सुटतो. मूठ आवळली की लगेच उघडत नाही. पोटरीच्या कातडीखाली वळवळ दिसते आणि ती झोपेतही थांबत नाही.

जोहान्सबर्गचे हायम आयझॅक्स यांनी १९६१ मध्ये असे रुग्ण वर्णिले. निद्रानाश आणि भास जोडीला आले, तर ते मॉर्व्हन संलक्षण. फ्रेंच वैद्य ओग्युस्तँ मॉर्व्हन यांनी त्याची नोंद १८९० मध्येच केली होती.

भारतातील अनुभव वेगळा आणि अधिक बोलका आहे. जयपूरच्या तज्ज्ञांनी २००६ मध्ये वायव्य भारतातील वीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काहींनी जड धातू असलेली देशी औषधे घेतली होती. त्यामुळे अद्ययावत रुग्णालयातही ‘धातूचे भस्म घेता का?’ हा प्रश्न आधी विचारलेला बरा.

निदानाचा कणा म्हणजे ईएमजी, ही स्नायूंची विद्युत चाचणी. स्नायूतील सुई सेकंदाला १५० ते ३०० आवर्तनांचे झटके टिपते. रक्तात कॅस्पर-२ व एलजीआय-१ या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये थायमस ग्रंथीची गाठ आहे का, ते पाहतात.

फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन या फिटांवरच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो. आजार प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा आणि तीव्र असेल, तर स्टिरॉइड, शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणे हे उपाय करतात. गाठ सापडल्यास शस्त्रक्रिया, आणि संशयित भस्म तत्काळ बंद.