साहेबाच्या डोक्यावरची सावली

सोला हॅट हातात घेतली की पहिलं नवल वजनाचं. दिसायला भरदार, पण वजन नावापुरतं. बंगालच्या पाणथळीत शोला नावाचं झुडूप उगवतं. त्याच्या पांढऱ्या गराचे पातळ पापुद्रे साच्यावर थरावर थर चिकटवायचे, वर खाकी किंवा पांढरं कापड चढवायचं, झाली साहेबाची टोपी. याच शोल्यातून दुर्गेचा साज होतो, बंगाली नवरदेवाचा टोपोरही. साहेबी रुबाब उगवला होता तो आमच्याच डबक्यात!

साहेबाला उन्हाची नुसती भीती नव्हती, त्याचं त्याने शास्त्र केलं होतं. ऊन गोऱ्याच्या कवटीतून थेट मेंदूत उतरतं, नेटिव्हाची कवटी मात्र जाड, असा तो सिद्धांत. शिपायांच्या पाठकण्यावरही जाड कापडाची पट्टी बांधत. ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी राहिलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४४ साली या समजुतीची मनसोक्त टर उडवली. तोवर युद्धाने तिचा निकाल लावलाच होता. गोरे सैनिक साध्या कापडी टोप्या घालून, कधी बोडक्यानेही, त्याच उन्हात वावरले आणि कुणाचा मेंदू वितळला नाही.

माझे आजोबा पाटाच्या कामावर ओव्हरसियर होते. साइटवर सोला हॅट, गावाच्या वेशीत शिरताना काळी टोपी. ऊन दोन्हीकडे सारखंच होतं. साइटवर साहेब होता, गावात भाऊबंद होते. त्यांच्या हाताखालचे गडी मुंडासं बांधून माती उपसत. मला विचाराल तर या सगळ्यांत मुंडासंच शहाणं. घाम शोषून घेतं, भिजवलं की गार राहतं, ओझ्याखाली चुंबळ होतं, झोपताना उशाला येतं, आणि विहिरीचा दोर अपुरा पडला तर तिथेही उपयोगी. हॅटला एवढं काय येत होतं? पण मुंडासं बांधून आजोबांना ओव्हरसियर कोण म्हणणार!

गांधी टोपीला तर झापच नाही. डोळ्यांवर सावली शून्य, मानेला त्याहून कमी. आणि हे गांधीजी जाणून होते. १९२९ साली ‘यंग इंडिया’त त्यांनी चक्क सोला हॅटची तरफदारी केली. युरोपने दिलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींत त्यांनी तिला बसवलं. राष्ट्रीय पूर्वग्रह आडवा आला नसता तर तिच्या प्रचाराच्या संस्थेचं अध्यक्षपदही घ्यायची त्यांची तयारी होती. गांधी टोपी घालणाऱ्यांना हा लेख वाचून काय वाटलं असेल? चारचौघांत बहुधा कुणी काही बोललं नसावं.

पुढे साहेब गेला, हॅटही गेली. बिनझापाची पांढरी टोपी मात्र आमच्या खेड्यांत म्हाताऱ्यांच्या डोक्यावर राहिली, मुंबईच्या डबेवाल्यांच्याही. आता रस्त्याच्या कामावर इंजिनीअर प्लास्टिकचं शिरस्त्राण घालून उभा असतो आणि खडी पसरणाऱ्या बाया पदर डोक्यावरून घेऊन त्यावर टॉवेल गुंडाळतात.