आइस्क्रीम-सोड्याचा पेला



भोईवाडा म्हटला म्हणजे मुंबईकराच्या मनांत दोन ठिकाणें उभीं राहतात: एक भुलेश्वराजवळचें, दुसरें परळांतलें. पालखी वाहणाऱ्या भोयांचें नांव दोहोंसही चिकटलेलें आहे. उन्हाळा आला कीं अशा वस्त्यांतील घराघरांत आइस्क्रीमवर सोडा ओतून पिण्याची हौस निघते, आणि तिच्यामागोमाग प्रश्न निघतो, पेला कोणता घ्यावा? चोरबाजारांत जुन्या घाटाचे, जाड कांचेचे, पायावर उभे असे पेले मिळतात. नव्या दुकानांत त्यांच्या नकला मिळतात. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु या पेल्याला मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे निवड अधिक शहाणपणाची होते.

मुंबईस बर्फ प्रथम आला तो 1834 सालीं, अमेरिकेहून, गलबतांत भरून. त्याच वर्षीं जमशेटजी जीजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें, आणि यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दीनें गांठलें, अशी बातमी 'मुंबई समाचार' पत्रानें दिली. पुढें फोर्टांत खास बर्फघर उभें राहिलें. सोडा मात्र निराळ्या वाटेनें रुळला. कांचेच्या गोटीनें तोंड मिटणारी बाटली हायराम कॉड या इंग्रज गृहस्थानें 1872 च्या सुमारास काढली, आणि आपल्याकडे 'गोटी सोडा' हें नांव घरोघर झालें. या दोहोंची गांठ पडली ती अमेरिकेंत. 1874 सालीं फिलाडेल्फियाच्या एका प्रदर्शनांत आपण ती घालून दिली, असा रॉबर्ट ग्रीन नांवाच्या विक्रेत्याचा दावा होता. त्याला प्रतिस्पर्धी दावेदारही निघाले.

तेथील सोड्याच्या दुकानांत जो पेला ठरला, त्याचा घाट केवळ शोभेचा नव्हे. आइस्क्रीमच्या खडबडीत अंगावर सोड्यांतील वायूचे बुडबुडे जमतात; दुधांतील स्निग्धांश व प्रथिनें त्यांच्याभोंवतीं पडदा धरतात, आणि फेस भराभर चढतो. म्हणून पेला उंच, तळाशीं निमुळता व तोंडाशीं पसरट. सांच्यांत दाबून काढलेली जाड कांच स्वस्त पडे, हजार वेळां धुतली तरी टिके, आणि आधीं थंड करून ठेवली म्हणजे गारवा धरी. हा पेला दिवसाकांठीं पन्नास ओठांना लागावयाचा, हें गृहीत धरूनच तो घडविलेला होता.

आणि येथेंच आपली अडचण होती. आपल्या सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत पितळ व तांबें राखेनें घांसून शुद्ध होई. मातीचें भांडें टाकून देतां येई. कांच आणि चिनीमाती यांना मात्र तेथें मज्जाव असे. 1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें न्यायमूर्ति रानडे, टिळक प्रभृति मंडळींच्या पुढें चहाचे पेले आले, आणि त्यावरून ग्रामण्य माजून प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली! नवल असें कीं, पुढें थोड्याच वर्षांत महाराष्ट्रानें कांचेलाच स्वदेशीचा मान दिला. पै पै जमविलेल्या पैसा फंडांतून 1908 सालीं तळेगांवास कांच कारखाना निघाला. 1916 सालीं ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, आणि त्यांच्या नांवानें ओगलेवाडी वसली.

कांच घरांत आली. तरी कोणाचा ओठ कोणत्या पेल्यास लागावा, हा प्रश्न सुटला नव्हता. 9 मार्च 1924 रोजीं परळच्या दामोदर हॉलमध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सभा बोलाविली, आणि तींतूनच बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. तीन वर्षांनीं, 20 मार्च 1927 रोजीं, महाडास त्यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें घेतलें. ज्या देशांत ओंजळभर पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तेथें पेल्याचा इतिहास निव्वळ हौसेचा इतिहास कसा राहील?

आतां निवडीविषयीं. सरबत 30 मिलिलिटर, आइस्क्रीमचे दोन गोळे सुमारें 120 आणि सोडा 150, असे 300 होतात. फेसासाठीं चौथा हिस्सा मोकळा ठेवावयाचा, म्हणजे पेला 400 मिलिलिटरचा हवा. पाय रुंद असावा, नाहींतर उंच पेला कलंडतो. तोंड हात आंत जाऊन घांसतां येईल इतकें मोकळें असावें. कांठावरून बोट फिरवून टवका उडालेला नाहीं ना, हें पाहावें. जुन्या पेल्याच्या कांठास रंग किंवा सोनेरी वेल असेल तर तो कपाटांतच शोभूं द्यावा. अशा रंगांत शिसें असूं शकतें, आणि आंबट पेयांत तें उतरतें. जाड कांच गरम पाण्यानें धुऊन लागलीच बर्फांत ठेवूं नये, ती तडकते. ओततांना आधीं सरबत व घोटभर सोडा, मग आइस्क्रीम, आणि शेवटीं उरलेला सोडा कडेनें, हळूहळू.

राहिली संख्या. सहांचा संच घ्यावा, अशी रीत आहे. तथापि आजही पुष्कळ सुशिक्षित घरांत धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचा कप ओट्याच्या कोपऱ्यांत निराळा ठेवलेला असतो, आणि त्याचें कारण कोणी विचारीत नाहीं. ज्या पेल्याचा जन्मच सर्वांच्या ओठांसाठीं झाला, तो घरीं आणून पुन्हां तीच वांटणी करणें त्याला शोभणारें नाहीं. म्हणून सगळे पेले एकाच घाटाचे घ्या. आणि पुढल्या उन्हाळ्यांत ते भरण्यापूर्वीं माणसें मोजाल, तेव्हां त्या बाईंनाही मोजा.