आरोग्य तंत्रज्ञानातील पीएच.डी. : उद्योगातील कार्यकाळ आणि विद्यावेतन

छत्तीसगडमधील दुर्ग व भिलाई या जुळ्या शहरांची ओळख पोलाद कारखान्यामुळे देशभर झाली. याच शहरांतील बोरसी ही एक निवासी वस्ती. मुंबई-हावडा लोहमार्गावर असलेल्या या परिसरात मराठी भाषक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. २०१६ मध्ये भिलाई आयआयटीची स्थापना झाली. आरंभी रायपूरमध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथील कायमस्वरूपी संकुल २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यामुळे विज्ञान-तंत्रज्ञानातील पीएच.डी.साठी दूरच्या महानगरात जाण्याची अपरिहार्यता या भागातील विद्यार्थ्यांपुरती कमी झाली आहे.

मात्र आरोग्य तंत्रज्ञानात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक वेगळा प्रश्न उभा राहतो. वैद्यकीय उपकरण प्रयोगशाळेत तयार होऊ शकते. परंतु ते रुग्णापर्यंत नेण्याची विद्या प्रामुख्याने उद्योगात शिकायला मिळते, आणि हा उद्योग पुणे, मुंबई, बंगळूरु, चेन्नई, विशाखापट्टणम अशा ठिकाणी एकवटलेला आहे. तेथे काही महिने राहण्याचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाच्या उत्तरावर अनेकांच्या संशोधनाचे भवितव्य अवलंबून असते.

उद्योगातील कार्यकाळ म्हणजे काय?

पीएच.डी.ची नोंदणी कायम ठेवून विद्यार्थी काही महिने एखाद्या कंपनीत, रुग्णालयाशी संलग्न केंद्रात किंवा तंत्रज्ञान संवर्धन केंद्रात काम करतो. या काळात त्याला विद्यावेतन मिळते आणि त्याच्या कामाचा प्रबंधाशी संबंध असतो. विद्यापीठातील मार्गदर्शकाबरोबर कंपनीतील एक सहमार्गदर्शक नेमला जातो. पदवी अभ्यासक्रमातील उन्हाळी प्रशिक्षणापेक्षा हा प्रकार वेगळा आहे. प्रशिक्षणार्थी विद्यार्थी कंपनीचे काम पाहून शिकतो. संशोधक विद्यार्थी स्वतःचा संशोधन प्रश्न घेऊन तेथे जातो किंवा कंपनीचा प्रश्न आपल्या प्रबंधाचा विषय म्हणून स्वीकारतो.

परदेशातील परंपरा

ही पद्धत नवी नाही. डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभापासून औद्योगिक संशोधक घडविण्याची योजना चालत आली आहे. फ्रान्समध्ये १९८१ पासून ‘सिफ्र’ ही योजना आहे. तिच्यात कंपनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला तीन वर्षांसाठी कर्मचारी म्हणून नेमते आणि सरकार कंपनीला अनुदान देते. ब्रिटनमधील ‘केस’ शिष्यवृत्तीत विद्यार्थ्याने सहभागी कंपनीत किमान तीन महिने प्रत्यक्ष काम करावे, अशी अट घालण्यात आली. कॅनडातील ‘मायटॅक्स’ या संस्थेच्या योजनेत चार महिन्यांचा एक टप्पा मानून कंपनी आणि शासकीय निधी यांत खर्च वाटून घेतला जातो. युरोपीय संघाच्या मारी क्युरी औद्योगिक डॉक्टरेट योजनेत तर विद्यार्थ्याचा किमान निम्मा काळ विद्यापीठाबाहेरील क्षेत्रात जावा, असा नियम करण्यात आला.

या सर्व योजनांत एक गोष्ट समान आहे. विद्यार्थ्याचा खर्च कंपनीच्या ऐच्छिक औदार्यावर सोडलेला नाही. शासन आणि कंपनी यांचे वाटे आधीच ठरलेले असतात.

भारतातील योजना

भारतात याच धर्तीवरची ठळक योजना म्हणजे डॉक्टरेट संशोधनासाठीची पंतप्रधान अधिछात्रवृत्ती. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आणि भारतीय उद्योग महासंघ यांच्या सहकार्याने २०१२-१३ च्या सुमारास ती सुरू झाली. विद्यावेतनाचा एक भाग सरकारने आणि तेवढाच भाग सहभागी कंपनीने द्यावा, अशी तिची रचना होती. त्यामुळे निवड झालेल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या अधिछात्रवृत्तीच्या सुमारे दुप्पट रक्कम मिळू शकत होती. मात्र त्यासाठी आपल्या विषयात रस असलेली आणि निम्मा वाटा देण्यास तयार असलेली कंपनी मिळणे आवश्यक होते. या मंडळाचे कार्य २०२४ पासून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे गेले आहे. इच्छुकांनी अर्ज करण्यापूर्वी प्रतिष्ठानाच्या चालू अधिसूचना पाहणे हितावह ठरेल.

या अधिछात्रवृत्तीशी नामसाधर्म्य असलेली प्रधानमंत्री संशोधन अधिछात्रवृत्ती ही स्वतंत्र योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. तिच्यात पहिल्या दोन वर्षांत दरमहा ७० हजार, तिसऱ्या वर्षी ७५ हजार आणि पुढील दोन वर्षे ८० हजार रुपये, तसेच दरवर्षी दोन लाख रुपयांचे संशोधन अनुदान अशी तरतूद करण्यात आली. मात्र तिच्यात कंपनीचा वाटा नाही. सर्वसाधारण कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची ४२ हजार रुपये करण्यात आली. घरभाडे भत्ता याव्यतिरिक्त असतो. कोणतीही अधिछात्रवृत्ती नसलेल्या विद्यार्थ्यांची संख्याही विद्यापीठांत मोठी आहे. त्यांच्यासाठी परगावी जाऊन सहा महिने काम करणे हा पूर्णपणे स्वतःच्या खिशाचा विषय ठरतो.

महाराष्ट्र आणि गोव्यातील अनुभव

मुंबईच्या आयआयटीमध्ये २०१४ साली ‘बेटिक’ हे जैववैद्यकीय अभियांत्रिकी व तंत्रज्ञान नवोपक्रम केंद्र सुरू झाले. महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्याला पाठबळ दिले. प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या केंद्राशी पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था या दोन संस्था जोडल्या गेल्या. डॉक्टरांनी आपली अडचण सांगावी, अभियंत्यांनी त्यावर नमुना तयार करावा आणि पुढे त्यातून कंपनी किंवा परवाना करार व्हावा, असा या कामाचा क्रम राहिला. हृदयाचे व फुप्फुसाचे ध्वनी दुरून ऐकता येणारा डिजिटल स्टेथोस्कोप हे या प्रयत्नांतून पुढे आलेले एक परिचित उपकरण. करोनाकाळात त्याची उपयुक्तता विशेष जाणवली. बोरसीच्या दृष्टीने नागपूर हे रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटरवरचे शहर असल्याने ही साखळी या भागालाही फारशी दूरची नाही.

पवईतच २००८ मध्ये मुंबई आयआयटी आणि ऑस्ट्रेलियाचे मोनॅश विद्यापीठ यांनी मिळून संशोधन अकादमी स्थापन केली. तिच्यात विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांची संयुक्त पीएच.डी. मिळते, काही काळ मोनॅशमध्ये काम करता येते आणि काही प्रकल्पांचे विषय व निधी उद्योगांकडून येतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरात २००७ पासून कार्यरत असलेल्या व्हेंचर सेंटरने जैविक व वैद्यकीय क्षेत्रातील नवउद्योगांना जागा, उपकरणे आणि मार्गदर्शन पुरविले आहे. मोठ्या कंपनीत प्रवेश मिळत नसेल तर अशा केंद्रातील लहान कंपनी हा पर्याय असू शकतो. तेथे एकाच संशोधकाला रचना, चाचणी आणि परवान्याची कागदपत्रे अशी सर्व अंगे पाहायला मिळतात. मात्र लहान कंपनीची विद्यावेतन देण्याची क्षमता मर्यादित असते आणि म्हणून शासकीय वाटा तेथे अधिक मोलाचा ठरतो.

आंतरविद्याशाखीय सायबर-फिजिकल प्रणालींच्या राष्ट्रीय अभियानास डिसेंबर २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. ३,६६० कोटी रुपयांच्या या अभियानातून देशात २५ तंत्रज्ञान केंद्रे उभी राहिली. बिट्स पिलानीच्या गोवा संकुलातील केंद्राकडे जैविक प्रणालींशी निगडित विषय सोपविण्यात आला, तर भिलाई आयआयटीच्या केंद्राकडे वित्तीय तंत्रज्ञान आले. या अभियानातील ‘चाणक्य’ अधिछात्रवृत्ती पदवीपासून पीएच.डी.नंतरच्या संशोधनापर्यंत विविध स्तरांसाठी आहे. आरोग्य तंत्रज्ञानातील भिलाईच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या संस्थेपलीकडील अशा केंद्रांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे लागते.

उद्योगात काय शिकायला मिळते?

सिकलसेल आजाराचे उदाहरण घेता येईल. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने स्वस्त चाचणी संच प्रयोगशाळेत यशस्वी करून दाखविला, तर त्याचा प्रबंध पूर्ण होऊ शकतो. पण मे महिन्यात ४५ अंशांच्या उष्म्यात, वीज खंडित होणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो संच टिकेल का? एका खेपेतील संच आणि दुसऱ्या खेपेतील संच सारखेच निष्कर्ष देतील का? परिचारिकेला तो अल्प प्रशिक्षणात वापरता येईल का? या प्रश्नांची उत्तरे उत्पादनाच्या अनुभवातून मिळतात.

कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत धोक्याच्या प्रमाणानुसार उपकरणांचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग केले आहेत. पहिल्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि उर्वरित दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. गुणवत्ता व्यवस्थेसाठी आयएसओ १३४८५, जोखीम व्यवस्थापनासाठी आयएसओ १४९७१ आणि विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०६०१ ही मानके उद्योगात रोजच्या वापरातील आहेत. प्रबंधाच्या पहिल्या वर्षातच ती माहीत असतील, तर तिसऱ्या वर्षी संपूर्ण रचना बदलण्याची वेळ टळू शकते.

संस्था आणि उद्योग एकत्र आल्यास काय घडते, याचे जुने उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे आहे. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे विकसित झालेली कृत्रिम हृदय झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णावर बसविण्यात आली आणि पुढे टीटीके समूहाने तिचे उत्पादन केले. आयात झडपांपेक्षा कमी किमतीत ती भारतीय रुग्णांना उपलब्ध झाली. आजही देशाची वैद्यकीय उपकरणांची गरज सुमारे ७० ते ८० टक्के आयातीतून भागते, असे सांगितले जाते. ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन २६ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. औषध व वैद्यकीय तंत्रज्ञान क्षेत्रातील संशोधनाच्या प्रोत्साहनासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजनाही त्याच वर्षी अधिसूचित झाली.

अडचणी कोठे येतात?

पहिली अडचण पैशाची. विद्यावेतन चालू राहिले तरी परगावातील घरभाडे आणि प्रवास यांची तरतूद अनेकदा नसते. गावी घराचा खर्च आणि शहरात खोलीचे भाडे असा दुहेरी भार पडल्याने अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी ही संधी सोडून देतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत सुरक्षित निवासाचा प्रश्न त्यात आणखी भर घालतो. ज्या विद्यार्थ्याच्या शहरात उपकरण उद्योग आहे, त्याला हा खर्च येत नाही. त्यामुळे निधीविना चालणारी कार्यकाळ योजना महानगरातील विद्यार्थ्यांनाच उपयोगी पडते.

दुसरी अडचण शोधाच्या मालकीची. कार्यकाळात लागलेला शोध विद्यापीठाचा, कंपनीचा की दोघांचा, हे आधी ठरले नसेल तर पुढे वाद निर्माण होतात. तिसरी अडचण प्रसिद्धीची. एकस्व अर्जापूर्वी शोध जाहीर झाल्यास त्याची नवीनता धोक्यात येते, म्हणून कंपनी गोपनीयतेचा आग्रह धरते. प्रबंध मात्र सादर करून त्याचे जाहीर समर्थन करावे लागते. प्रसिद्धीसाठी काही महिन्यांची ठरावीक मुदत थांबणे हा यावर सर्वमान्य तोडगा आहे. ही मुदत अनिश्चित ठेवल्यास नुकसान विद्यार्थ्याचेच होते.

करारापूर्वी लक्षात ठेवण्याच्या बाबी

संशोधक विद्यार्थ्याने कार्यकाळासाठी होकार देण्यापूर्वी पुढील बाबी लेखी स्वरूपात निश्चित करून घेणे आवश्यक आहे.

१. मूळ अधिछात्रवृत्ती या काळात चालू राहील का आणि कंपनीचा वाटा दरमहा मिळेल की टप्प्याटप्प्याने?

२. प्रवास, निवास आणि विमा यांचा खर्च कोण करणार?

३. शोधाची मालकी कोणाची आणि एकस्व अर्जात विद्यार्थ्याचे नाव संशोधक म्हणून राहील का?

४. प्रबंध व शोधनिबंध प्रसिद्ध करण्यास जास्तीत जास्त किती महिने थांबावे लागेल?

५. रुग्णांचे नमुने किंवा माहिती वापरायची असल्यास नीतिविषयक समितीची मान्यता कोणत्या संस्थेकडून घेतली जाईल?

६. कंपनीने प्रकल्प मध्येच थांबविल्यास प्रबंधाचे काम कसे पुढे जाईल?

यांपैकी शेवटचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. व्यावसायिक कारणांनी कंपनी एखादे उत्पादन सोडून देऊ शकते, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला चार वर्षांचे काम तसे सोडता येत नाही. म्हणून प्रबंधाचा किमान एक भाग कंपनीच्या निर्णयावर अवलंबून नसेल, अशी आखणी मार्गदर्शकाने आरंभीच करणे इष्ट ठरते.

दुर्ग-भिलाईसारख्या शहरांत आता उच्च संशोधनाची संस्था आहे, जवळच रायपूरला एम्स आहे आणि सिकलसेलसारखे आरोग्याचे प्रश्न तर दारातच आहेत. या तिन्हींना उद्योगाशी जोडणारा दुवा म्हणून काही महिन्यांच्या कार्यकाळाकडे पाहिले जाते. बोरसीतील विद्यार्थी त्यासाठी पुण्याला किंवा विशाखापट्टणमला जाऊ शकेल की नाही, हे त्याच्या गुणवत्तेइतकेच खोलीच्या भाड्याची तरतूद करारात आहे की नाही यावरही ठरणार आहे.