पिवळ्या साक्याची रचना

फॉस्फेटच्या द्रावणात नायट्रिक आम्ल व अमोनियम मॉलिब्डेट घालून तापवले की पिवळा साका मिळतो. ही परीक्षा आपण अनेकदा करतो. पण त्या साक्यात अणू कसे बसले आहेत, हे क्वचितच विचारतो.

बर्झेलियसने या साक्याची नोंद १८२६ मध्ये केली. रचना मात्र शंभर वर्षे कळली नाही. १९२९ मध्ये पाउलिंगने अंदाज बांधला : प्रत्येक धातूभोवती ऑक्सिजनचे अष्टफलक असावे आणि ही अष्टफलके कोपऱ्यांनी जोडलेली असावीत. १९३३ मध्ये मँचेस्टरच्या केगिनने टंगस्टनचे असेच संयुग क्ष-किरणांनी तपासले. मध्ये फॉस्फरस, भोवती १२ अष्टफलके; पण काही कडांनीही जोडलेली! अंदाज दुरुस्त झाला.

या संयुगांतील धातूंवर अयुग्मित इलेक्ट्रॉन नसतो, म्हणून चुंबक त्यांना ओढत नाही. १९९९ मध्ये जर्मनीत म्युलर यांच्या गटाने ७२ मॉलिब्डेनम व ३० लोह अणूंचा पोकळ गोल घडवला. त्यातील प्रत्येक लोहावर पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात आणि शेजारचे लोह अणू परस्परविरुद्ध दिशा धरू पाहतात. पण ते त्रिकोणांत बसलेले आहेत. तिघे एकमेकांच्या विरुद्ध कसे होणार? ते १२० अंशांवर तडजोड करतात.

नुसत्या सूत्रावरून हा पेच दिसला नसता. फळ्यावर त्रिकोण काढून मुलांना तो सोडवायला देऊ या.