त्वचा कर्करोग : प्रतिबंध व रुग्णाची जाण

त्वचेतील पेशींच्या बेबंद वाढीमुळे होणारा रोग. बहुतेक कर्करोग शरीराच्या आत दडून वाढतात. हा मात्र डोळ्यांदेखत वाढतो. त्यामुळे तो टाळणे आणि वेळीच ओळखणे बऱ्याच अंशी रुग्णाच्या हाती असते. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक आढळतो. भारतात प्रमाण कमी असले, तरी निदान बरेचदा उशिरा होते.

प्रकार : आधारपेशी कर्करोग सावकाश वाढतो व सहसा दूर पसरत नाही. शल्कपेशी कर्करोगाकडे दुर्लक्ष झाल्यास तो लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचतो. रंजकपेशींपासून होणारा मेलॅनोमा तुलनेने विरळ, पण सर्वांत घातक असतो. जगात आधारपेशी कर्करोग सर्वाधिक दिसतो. भारतातील अनेक नोंदींत शल्कपेशी कर्करोग पुढे असतो.

कारणे : उन्हातील अतिनील किरणांनी पेशींच्या डीएनएला इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांना १९९२ मध्ये आणि त्वचा रापवणाऱ्या कृत्रिम दिव्यांना २००९ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवले. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंजकद्रव्य या किरणांना बरेचसे अडवते. मात्र अन्य कारणांपुढे त्याचा उपयोग होत नाही. पाण्यातील आर्सेनिक, अवयवरोपणानंतर घ्यावी लागणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा ही त्यांपैकी काही होत. भाजल्याच्या जुन्या व्रणात उद्भवणाऱ्या कर्करोगाला ‘मार्जोलिन व्रण’ म्हणतात. काश्मीरमध्ये थंडीत फेरन या ढगळ अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी (शेगडी) धरण्याच्या सवयीमुळे पोट व मांड्यांवर असा कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये ‘धोतर-कर्करोगा’चे वर्णन केले. कमरेला धोतर घट्ट आवळल्याने एकाच जागी वर्षानुवर्षे घर्षण होते, त्वचा काळी व जाड पडते आणि पुढे तेथे व्रण होतो. साडीच्या परकराची नाडी काचूनही असे रुग्ण आढळले आहेत.

प्रतिबंध : सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंतचे ऊन शक्यतो टाळावे. अतिनील निर्देशांक ३ किंवा अधिक असल्यास संरक्षण घ्यावे, असा संकेत आहे. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या दुपारी तो १० च्याही वर जातो. पूर्ण बाह्यांचे कपडे व रुंद काठाची टोपी यांचा आधार सर्वांत भरवशाचा. ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्लिप! स्लॉप! स्लॅप!’ मोहिमेने सदरा, सनस्क्रीन आणि टोपी ही त्रिसूत्री घरोघरी पोहोचवली. त्याच देशातील नॅम्बर या गावी १९९२ पासून १,६२१ रहिवाशांवर झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत शल्कपेशी कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचे असावे आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावावे. जन्मजात रंजकहीनता असलेल्यांनी हे नियम कटाक्षाने पाळावेत. सावळ्या त्वचेच्या माणसांनी जुन्या व्रणांची निगा राखणे, नाडी सैल व रुंद ठेवणे आणि तिची जागा बदलत राहणे हेही तितकेच महत्त्वाचे.

स्वपरीक्षण : महिन्यातून एकदा सर्वांग न्याहाळावे. तिळाचे दोन भाग विसंगत दिसणे, कडा वेड्यावाकड्या होणे, एकाच तिळात अनेक रंग दिसणे, व्यास ६ मिलिमीटरहून मोठा असणे आणि रूप बदलत जाणे या मेलॅनोमाच्या पाच खुणा. सावळ्या वर्णात तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तेथे उन्हाचा संबंध नसतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यावर मेलॅनोमा असल्याचे निदान झाले. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून घरी ब्लेडने कापणे किंवा नखाखालची काळी रेघ साकळलेले रक्त समजून सोडून देणे धोक्याचे असते.

जाणता रुग्ण : चार आठवड्यांत न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा धरणारी खपली किंवा रक्त येणारी गाठ त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. संशयास्पद तीळ किंवा चामखीळ चुना-सोडा लावून जाळू नये. लेसरने काढण्यापूर्वीही तपासणी करून घ्यावी. जळालेल्या ऊतीची परीक्षा होत नाही आणि पुरावाच नाहीसा होतो. बायॉप्सीमुळे (ऊतीचा तुकडा काढून तपासल्याने) कर्करोग पसरतो, या समजुतीपायी अनेक जण तपासणी लांबवतात. त्वचेच्या बाबतीत ती भीती निराधार आहे. अहवाल हाती आल्यावर विचारण्याच्या गोष्टी थोड्याच : प्रकार कोणता, मेलॅनोमा असल्यास त्याची मिलिमीटरमधील खोली किती, कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत का आणि पुढची तपासणी केव्हा. अहवालाबरोबर काचपट्ट्या व मेणातील ऊतीचे ब्लॉकही मागून जपून ठेवावेत. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना नव्याने बायॉप्सी न करता त्यांवरून फेरतपासणी करता येते.