धनु राशीतले हजार दिवे

भारतात जाताना रात्रीचे विमान मुंबईवर येते, तेव्हा प्रथम दिसतो तो नुसता पिवळसर उजेड. विमान उतरू लागले की त्या उजेडाचे वेगवेगळे दिवे होतात. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राबाबत खगोलशास्त्रज्ञांना असाच अनुभव आला. फक्त त्यांना त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

हे केंद्र धनु राशीच्या दिशेला, सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. वाटेत धूळ इतकी, की तिथला साधा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही. क्ष-किरण धुळीतून पार होतात, पण पृथ्वीचे वातावरण त्यांना अडवते. म्हणजे उपकरणच वर न्यायला हवे. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी व सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतून रॉकेट सोडले, ते चंद्रावरून क्ष-किरण येतात का हे पाहायला. चंद्र राहिला बाजूला आणि सापडला वृश्चिक राशीतला प्रखर क्ष-किरणस्रोत! १९७० साली केनियाच्या किनाऱ्याजवळून ‘उहुरू’ उपग्रह गेला. त्याच्या शेवटच्या यादीत साऱ्या आकाशातले ३३९ स्रोत होते. १९७८ च्या ‘आइनस्टाइन’ दुर्बिणीला केंद्राजवळ डझनभर स्रोत दिसले. बाकी सगळी धूसर प्रभा.

ही प्रभा कशाची? दहा कोटी अंश तापलेल्या वायूची म्हणावी, तर एवढा तप्त वायू आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाला जुमानणार नाही, निसटून जाईल. मग त्याची भरपाई करणारी ऊर्जा येते कुठून? हिशेब जुळत नव्हता.

जुलै २००१ मध्ये ‘चंद्रा’ दुर्बिणीने या भागाची ३० छायाचित्रे घेतली. डॅनियल वांग व सहकाऱ्यांनी ती जोडून सुमारे ९०० बाय ४०० प्रकाशवर्षांचा नकाशा केला आणि २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात जवळजवळ हजार स्वतंत्र स्रोत होते! अतितप्त वायूच्या नावावर टाकलेले बरेचसे किरण त्यांचेच निघाले. उरलेला वायू एखाद कोटी अंशाचा. पुढच्या निरीक्षणांनी ही संख्या ९,००० च्या वर नेली.

यातले बहुसंख्य स्रोत म्हणजे शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणारे श्वेत बटू असावेत, असे मानले जाते. येथे एक योगायोग सांगायलाच हवा. १९३० साली एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाला. प्रवासात त्याने गणित मांडले, की श्वेत बटूच्या वस्तुमानाला मर्यादा असते. थोरामोठ्यांनी ते धुडकावले. नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ मध्ये. ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. १९९९ साली अवकाशात गेलेल्या ‘चंद्रा’ला त्यांचेच नाव आहे.

आपणही एक पदवी आणि दोन बॅगा घेऊन निघालेली माणसे. जुलै-ऑगस्टच्या रात्री मुलांना दक्षिणेकडची धनु रास जरूर दाखवा, आणि त्या बोटीची गोष्टही सांगा.